अराबाने न मारलेला शिक्का

समुद्रकाठच्या एग्यानो गावच्या शाळेत दोरी ओवलेली एक लाकडी पाटी असायची. शाळेच्या आवारात इंग्रजी सोडून कुणी घरची फान्ते भाषा बोललं, की दिवसभर ती पाटी त्याच्या गळ्यात. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं, 'मी गाढव आहे.' अराबा एसिल्फी नऊ वर्षांची होती तेव्हा एका महिन्यात ती पाटी चौथ्यांदा तिच्या वाट्याला आली. शाळा सुटल्यावर पाटी गुरुजींच्या टेबलावर ठेवून जायचा नियम होता. अराबा ती गळ्यात घालूनच घरी गेली.

घरापुढचं अंगण थेट वाळूत उतरायचं. अंगणात मातीच्या सहा गोल भट्ट्या होत्या आणि तिची आई क्वान्सिमा जाळ्यांवर मासे मांडून त्यांना धुरी देत बसली होती.

"गळ्यात काय आणलंस?"

"बक्षीस."

"कशाचं?"

"तुझ्याशी बोलते तसं बोलल्याचं."

क्वान्सिमाला वाचता येत नव्हतं. तिने पाटी हातात घेतली, बोटाने ठोकून पाहिली, नाकाशी धरली. "सुकं लाकूड आहे गं. धूर चांगला देईल," ती म्हणाली, आणि दोरीसकट पाटी भट्टीत सरकवून दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "पाटी कुठे आहे?"

"सर, काल सगळ्या गावाने खाल्ली."

छडीचे बारा फटके पडले. अराबा रडली, पण घरी पोचल्यावरच रडली. नवी पाटी करायला गावच्या सुताराने तीन महिने लावले, कारण तो क्वान्सिमाचा सख्खा भाऊ होता.

देश स्वतंत्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी अराबा परराष्ट्र खात्याच्या मुलाखतीला गेली. टेबलामागे पाच पुरुष होते. पैकी दोघे जाता जाता राहिलेले गोरे साहेब. त्यातल्या एकाने पाइप झाडत विचारलं, "समजा मेजवानीत एखाद्या परदेशी पाहुण्याने तुम्हाला मोलकरीण समजून अंगावरचा कोट तुमच्या हातात दिला, तर काय कराल?"

"खुंटीला टांगेन."

टेबलामागे हसू पसरलं.

"मग त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसेन आणि फाइल उघडेन," अराबा म्हणाली. "कोट कुठे आहे ते बोलणी संपल्यावर सांगेन."

नोकरी मिळाली. पुढे सव्वीस वर्षं ती फाइली उघडत राहिली. लागोसला होती, डाकारला होती, मधली काही वर्षं जिनिव्हात. फ्रेंच शिकली, इटालियन शिकली. मोठ्या पदाची ती कधीच नव्हती. भाषणं दुसरे करायचे. भाषणातला कुठला शब्द उद्या गळ्याशी येईल, ते ती आदल्या दिवशी शोधून काढायची. गावातल्याच फिफी नावाच्या मास्तराशी तिने लग्न केलं, पण नाव बदललं नाही की नोकरी सोडली नाही. फिफी एग्यानोतच शिकवत राहिला आणि सुट्टीत बोटीने नाहीतर विमानाने तिच्याकडे जायचा. बाजारात बायका त्याला टोमणे मारायच्या.

"काय मास्तर, आज स्वयंपाक कुणी केला?"

"सरकारच्या नवऱ्याने," तो म्हणायचा आणि माशांचा भाव पाडून मागायचा.

पन्नाशीला आलेली अराबा वाणिज्यदूत म्हणून ट्रिएस्टला गेली. इटालियन बंदराचं शहर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची कचेरी, एक टंकलेखिका, एक लोखंडी कपाट आणि कपाटात देशाचा पितळी शिक्का. त्या बंदरातून तिच्या देशाकडे निघालेल्या मालाच्या कागदावर तो उमटल्याशिवाय माल पुढे जायचा नाही.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रुनेत्ती नावाचा एक व्यापारी कागद घेऊन आला. सूट चांगला, बोलणं त्याहून चांगलं. अडीच हजार पिंपं जायची होती. माल म्हणून 'रंग व बांधकामाचं साहित्य' लिहिलेलं. उतरवण्याचं ठिकाण वाचून अराबाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. एग्यानो. माडांच्या राईमागची जमीन, वीस वर्षांच्या भाड्याने.

"सिन्योर, एग्यानोला बंदर नाही," ती म्हणाली.

"होड्या आहेत ना? आम्ही चौकशी केली आहे."

"रंग कोण लावणार तिथे? पाचशे घरं आहेत. निम्मी मातीची."

ब्रुनेत्ती हसला. "सिन्योरा, आपलं काम शिक्क्याचं. कशाला त्रास करून घेता?"

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीत गेली. बोरा नावाचा तिथला थंड सोसाट्याचा वारा सुटला होता, रस्त्यात माणसं दोराला धरून चालत होती. पिंपं तीन रांगांत उभी होती. काहींच्या बुडाशी पिवळट ओल होती आणि तिच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. हमालांनी कोपरापर्यंत हातमोजे घातले होते, नाकातोंडावर फडकी बांधली होती. एक म्हातारा हमाल तिला आडवा आला.

"पुढे जाऊ नका, बाई. माझ्या दोन माणसांच्या हातांची सालं निघालीत."

"आत काय आहे?"

"आम्हाला सांगत नाहीत. इथे कुणाला नकोय, एवढं माहीत आहे."

कचेरीत परतल्यावर ती बराच वेळ कोट न काढता बसून राहिली. तिला राग आला होता, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. तिच्या आईच्या भट्ट्या त्या राईपासून पाचशे पावलांवर होत्या.

चौथ्या दिवशी राजधानीतून उपमंत्री ॲटो बेंटिल यांचा फोन आला.

"मॅडम, एका साध्या कागदाला इतका वेळ?"

"साहेब, कागद साधाच आहे. पिंपं साधी नाहीत."

"तुम्ही रसायनं कधीपासून शिकलात?"

"शिकले नाही, म्हणून तर विचारतेय. आत काय आहे ते कुणीतरी लिहून द्यावं."

"मी सांगतोय ते पुरत नाही?"

"लिहून पाठवा, साहेब. तुमच्या सहीने. मी तोच कागद एकेका पिंपाला चिकटवून देते."

मग बेंटिलचा आवाज खाली उतरला. "एसिल्फीबाई, आपण कुणाचे नोकर आहोत, याची आठवण आहे ना?"

"आहे. ज्यांच्या किनाऱ्यावर हे उतरणार आहे, त्यांची."

आठवड्यात परत बोलावल्याची तार आली. तिच्या जागेवर येणारा माणूस तारेच्या आधीच विमानात बसला होता. अराबाने त्याला कपाटाची किल्ली दिली, शिक्का दिला आणि नोंदवहीतलं एक पान उघडून दाखवलं. त्या पानावर तिने शाईने लिहिलं होतं: अमुक तारखेला मी पिंपं पाहिली, गळती पाहिली, शिक्का नाकारला. खाली सही. त्या माणसाने पान वाचून मान खाली घातली. तिच्या विमानाने जमीन सोडायच्या आधीच त्याने शिक्का मारला होता.

पण त्या पानाची आणि ब्रुनेत्तीच्या कागदांची नक्कल अराबाच्या पर्समध्ये होती.

ती एग्यानोला पोचली तेव्हा दुपारचा बाजार भरला होता. मासळी बाजाराची राणी तेव्हा एकुआ मान्सा होती. राणी म्हणजे बायकांनीच निवडलेली. कुठली होडी कधी जाणार, मासा कुणाला मिळणार, भांडण कुणाचं खरं, हे ती ठरवायची. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. अराबा आणि ती शाळेत एका बाकावर होत्या. एकुआने दुसरीत शाळा सोडली होती.

"या बाईसाहेब! युरोपात थंडी जास्त झाली वाटतं?"

"हाकलून दिलं गं मला."

"तुला? काय चोरलंस?"

"काही नाही. एक ठप्पा मारायचा होता, तो नाही मारला."

अराबाने तिथेच, केळीच्या घडांमध्ये बसून, सगळं सांगितलं. एकुआ ऐकताना मासे निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "नानांनी अंगठा दिलाय त्या जमिनीवर. कारखाना येणार म्हणे. पोरांना कामं मिळणार. आणि तू म्हणतेस पिंपात विष आहे. सव्वीस वर्षं तू तिकडे काट्याचमच्याने जेवलीस. तुझं का ऐकावं आम्ही?"

अराबाला ते लागलं. तिने समोरचा एक मासा उचलून एकुआच्या टोपलीत टाकला. मग म्हणाली, "ऐकू नकोस. नानांसमोर विचारू. बेंटिलही येणार आहे म्हणतात. दोघांचं ऐक आणि ठरव."

नाना म्हणजे गावचे प्रमुख, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याशी कुणी थेट बोलत नाही. सोन्याच्या मुठीची काठी धरलेल्या प्रवक्त्याला सांगायचं, तो नानांना सांगणार. शनिवारी मोठ्या झाडाखाली सभा भरली. उपमंत्री बेंटिल मोटारीतून उतरला आणि सरळ नानांकडे बघून बोलायला लागला. जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. त्याला ती कळली नाही. कारखाना, रस्ता, दिवे, दवाखाना, असं तो अर्धा तास बोलला. पिंपं म्हणजे कारखान्याचा कच्चा माल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाला.

अराबा उठली. पायातल्या चपला काढल्या, रीतीप्रमाणे मान म्हणून खांद्यावरचं वस्त्र खाली सोडलं आणि प्रवक्त्याकडे वळली.

"प्रवक्ते, नानांना माझा नमस्कार सांगा. त्यांना सांगा, की उपमंत्री साहेबांच्या राजधानीतल्या बंगल्याला मोठं अंगण आहे. मी पाहिलंय. पहिली वीस पिंपं तिथे ठेवू. एक पावसाळा जाऊ दे. साहेबांची मुलं त्यावर चढून खेळू देत. काही झालं नाही, तर उरलेली सगळी एग्यानोच्या बायका डोक्यावरून वाहून नेतील. मी सर्वांच्या पुढे असेन."

प्रवक्ता ते नानांना सांगत होता तोवर बेंटिल ओरडला, "ही बाई नोकरीवरून काढलेली आहे! हिचं डोकं..."

"तिचं राहू दे," एकुआ मान्सा मागून म्हणाली. "तुमचं अंगण देता का, तेवढं सांगा."

बेंटिलने रुमालाने मान पुसली. घाई असल्याचं सांगून तो निघण्याच्या तयारीत असतानाच नाना प्रवक्त्याच्या कानाशी वाकले. प्रवक्त्याने काठी आपटली.

"नाना म्हणतात, त्यांचा अंगठा कागदावर आहे आणि दिलेला शब्द ते फिरवत नाहीत. पण अंगठा जमिनीचा आहे. समुद्रावरून सामान आणायच्या होड्या त्यांच्या नाहीत. त्या बायकांच्या आहेत. बायकांना विचारा."

त्या किनाऱ्यावर लाटा अशा फुटतात की जहाज मैलभर लांब उभं राहतं, आणि पुढचं सगळं होड्यांचं काम. होड्या वल्हवणार पुरुष; पण बहुतेक होड्या मासे विकणाऱ्या बायकांच्या मालकीच्या. पिंपं घेऊन आलेलं 'स्तेल्ला' नावाचं जहाज गुरुवारी क्षितिजावर दिसलं. शुक्रवारी सकाळी एग्यानोत एकही वल्हं जागेवर नव्हतं. क्वान्सिमाच्या अंगणात, थंड पडलेल्या भट्ट्यांच्या मध्ये, दोनशेच्या वर वल्ही रचलेली होती आणि वर बायका बसल्या होत्या. क्वान्सिमा ऐंशीची झाली होती. तिला मधली, उंच जागा दिली होती.

राजधानीहून पंधरा पोलीस आले. हवालदार जंगलाकडचा होता, समुद्र त्याने लांबूनच पाहिलेला.

"वल्ही कुठे आहेत?"

"आम्ही कशावर बसलोय, बाळा?" क्वान्सिमा म्हणाली.

"उठा, आजी."

"गुडघे धरलेत रे. तू उचलतोस?"

हवालदाराने एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं. सगळ्या त्याच्या आईच्या वयाच्या, आणि सगळ्यांच्या हातात मासे साफ करायच्या सुऱ्या. बायका माशांच्या गप्पा मारत होत्या. अराबा त्यांच्यात बसली होती, ट्रिएस्टचा राखाडी सूट घालून. तो तिने मुद्दाम घातला होता. "मला पकडायला आलात तर नीट ओळखता यावं म्हणून," असं तिने हवालदाराला सांगितलं. त्याच्याकडे तिला पकडायचा हुकूम नव्हता, आणि मागवायला तो फारसा उत्सुकही दिसला नाही.

रविवारी पोलिसांनी शेजारच्या गावातून चार वल्ही आणली आणि स्वतःच एक होडी लोटली. तिसऱ्या लाटेला ती उताणी झाली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी उड्या मारून एकेकाला बाहेर काढलं. बायकांनी त्यांना कोरडी वस्त्रं गुंडाळली आणि केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, तळलेला मासा, वर तिखट शितो चटणी असं जेवू घातलं. हवालदार दोन घास जास्तच जेवला. त्यानंतर पोलीस माडाखाली बसून राहिले.

अराबा मात्र बसून राहणाऱ्यांतली नव्हती. इथे उतरली नाहीत तर ही पिंपं शेजारच्या कुठल्या तरी गावाच्या माथी बसणार, हे तिला पिंपं पाहिली त्या दिवसापासून कळत होतं. तिने नोकरीत मोठी भाषणं केली नव्हती, पण सव्वीस वर्षांत किनाऱ्यावरच्या प्रत्येक राजधानीत तिच्या ओळखीचं कुणी ना कुणी फाइलीमागे बसलेलं होतं. ती रोज जवळच्या सॉल्टपॉन्ड शहरातल्या तार कचेरीत जायची. लोमे, आबिजान, फ्रीटाउन, डाकार. जहाजाचं नाव, पिंपांची संख्या, ब्रुनेत्तीच्या कागदांचे क्रमांक, गळतीचा रंग. तार बाबू वैतागून म्हणाला, "आंटी, तार आहे ही, पत्र नाही. शब्द कमी करा."

"एकही कमी होणार नाही. तू घे लिहून."

फ्रीटाउनहून उत्तर आलं: किनाऱ्याला लागू देणार नाही. डाकारहून आलं: कागद मिळाले, वर पोचवले. लोमेची एक जुनी सहकारी होती, तिने फक्त दोन शब्द पाठवले होते: 'समजलं, ताई.'

नवव्या दिवशी सकाळी क्षितिज रिकामं होतं. एकुआ मान्साने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि मग वळून ओरडली, "वल्ही न्या गं आपापली! नऊ दिवस झाले, घरात मासा नाही!" एवढाच काय तो जल्लोष झाला.

त्याच आठवड्यात अराबाला बडतर्फीचा कागद आला. तिने तो बाजारात उभं राहून सगळ्यांना फान्तेत वाचून दाखवला. त्यात 'आज्ञाभंग' हा शब्द तीनदा होता.

"तीनदा?" एकुआ म्हणाली. "एकदा लिहिलं असतं तरी कळलं असतं आम्हाला."

सगळ्या हसल्या. अराबाही हसली. घरी गेल्यावर मात्र तिने दार लावून घेतलं. फिफीने दारावर टकटक केली नाही. बाहेर ओट्यावर वह्या तपासत बसून राहिला. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते.

"पश्चात्ताप होतोय का?" त्याने विचारलं.

"पश्चात्ताप कसला! राग आलाय. मला काम येत होतं, फिफी. चांगलं येत होतं."

"आणि ते तू केलंस."

"त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं. त्याला चांगलं म्हणू नकोस."

त्याने वह्या बाजूला सारून तिला ओट्यावर जागा करून दिली.

पाच महिन्यांनी ट्रिएस्टहून एक पोस्टकार्ड आलं. वेड्यावाकड्या अक्षरात त्या म्हाताऱ्या हमालाने लिहिलं होतं, 'बाई, तुमचं सामान तीन बंदरांनी नाकारलं. इथेच परत आलंय. आता वर्तमानपत्रवाले रोज येऊन विचारतात, आत काय आहे. आम्ही सांगतो, ज्यांनी भरलं त्यांना विचारा.' अराबाने ते कार्ड नानांच्या प्रवक्त्याकडे दिलं आणि नानांना वाचून दाखवायला सांगितलं.

पुढची आठ वर्षं तिचा पासपोर्ट सरकारजमा होता. ती आईच्या भट्ट्यांवर काम शिकली, पण तिला ते धड कधी जमलं नाही. तिने धुरी दिलेले मासे एका बाजूने करपायचे, आणि एकुआ गिऱ्हाइकांना सांगायची, "हे घ्या, वकिलातीतले." लोकांची पत्रं, अर्ज, तक्रारी मात्र ती अशी लिहायची की तालुक्याच्या कचेरीत एग्यानोचं पाकीट आलं की कारकून आधी चहा मागवून मग उघडायचे. क्वान्सिमा गेली. नाना गेले. बेंटिल एका निवडणुकीत पडला आणि कुठेतरी गप्प झाला.

मग सरकार बदललं. ऑगस्टमधल्या गावच्या उत्सवाच्या तीन आठवडे आधी राजधानीहून एक अधिकारी आला. चाळिशीचा, नम्र, घाम पुसत बोलणारा. सरकारला अराबाबाईंचा गौरव करायचा होता. पासपोर्ट परत मिळणार होता, निवृत्त राजदूत हा मान मिळणार होता, आणि उत्सवात मानपत्र वाचलं जाणार होतं. त्याने मसुदा तिच्यासमोर ठेवला. अराबाने चष्मा लावला.

"'शासनाच्या आदेशाचे निष्ठेने पालन करून त्यांनी घातक माल रोखला,'" तिने मोठ्याने वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"खात्याने, मॅडम. काही चुकलं का?"

"मी आदेश पाळला नाही. मोडला. तसं लिहा."

अधिकारी चुळबुळला. "मॅडम, भावना समजते. पण सरकारी मानपत्रात 'आदेश मोडला' कसं छापायचं? उद्या नवीन लोक म्हणतील..."

"म्हणू देत की. त्यांच्याही टेबलावर असला कागद येणारच आहे एक दिवस. तेव्हा काय म्हणायचं ते त्यांना माहीत हवं."

"वरचे लोक तयार होणार नाहीत."

"मग मानपत्र नको."

"पासपोर्ट, मान, सगळंच त्याच्याशी जोडलेलं आहे, मॅडम."

"मग तेही नको. आठ वर्षं नव्हतं, काय बिघडलं?" तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "आणि हे बघा, दुसरंही एक आहे. माल मी नाही रोखला. मी शिक्का नाही मारला, एवढंच. माझ्यानंतर दुसऱ्याने मारला. माल रोखला तो वल्ह्यांवर बसलेल्या बायकांनी. त्यांची नावं नाहीत यात. बासष्ट आहेत. लिहून घेता?"

अधिकाऱ्याने खिशातून पेन काढलं, मग परत ठेवलं. "मी विचारून येतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर फिफी म्हणाला, "नाही येणार परत."

"न येऊ दे."

उत्सवाच्या आदल्या दिवशी तो आला. बरोबर दुसरा मसुदा होता, टंकलेला, खाली तीन वरिष्ठांच्या सह्या असलेला. अराबाने उभ्यानेच वाचला. 'वरिष्ठांचा आदेश चुकीचा आहे असे ठरवून त्यांनी तो नाकारला,' असं त्यात होतं. मग बासष्ट नावांसाठी रिकामी जागा सोडलेली होती.

"'मोडला' नाही मिळालं, मॅडम," अधिकारी म्हणाला. "'नाकारला' मिळालं. त्यासाठीही मला आठवडाभर भांडावं लागलं."

अराबाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बसा," ती म्हणाली. "जेवलात का?"

मग तिने अंगणात जाऊन हाक मारली, "एकुआ! इकडे ये गं. नावं सांगायचीयत. आणि गेलेल्यांची आधी."